क्रेडिट मिळालं, पण वटलं का?

मागच्या अंकात हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट मिळवण्याचा विषय ओझरता निघाला आणि पत्रांचा ढीग पडला. अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी काऊन्सेलर आहे, त्यामुळे हे प्रश्न मला ऑगस्टपासून मेपर्यंत रोज ऐकू येतात. मराठीतून मात्र क्वचितच. काही पत्रं काटछाट करून देते आहे. नावं अर्थातच गाळली आहेत.

ताईंना नमस्कार. मी सध्या मुलाकडे फ्रीमाँटला आलो आहे. नातू अकरावीत आहे, पण मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी कॉलेजात जातो. शाळा संपायच्या आधी कॉलेज कसं सुरू झालं? विचारलं तर "आजोबा, क्रेडिटसाठी" एवढंच म्हणतो. हे क्रेडिट म्हणजे नेमकं काय? आणि फी दोन्हीकडे भरायची का? (एक आजोबा, कॅलिफोर्निया)

आजोबा, नमस्कार. नातवानं एका शब्दात उरकलं, पण प्रश्न रास्त आहे. इथली पदवी सुट्या विषयांची बेरीज करून मिळते. प्रत्येक विषयाला ठरावीक क्रेडिट असतात. आठवड्याला एक तास वर्गात आणि साधारण दोन तास घरी अभ्यास, असं पंधरा आठवड्यांचं सेमिस्टर पुरं केलं की एक क्रेडिट, हा ढोबळ हिशेब. बहुतेक विषय तीन क्रेडिटचे असतात आणि पदवीला सहसा १२० लागतात. ही बेरीज शाळेत असतानाच सुरू करायची मुभा आहे. नातू तेच करतो आहे.

तो जे करतोय त्याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात: नाव शाळेतही आणि कम्युनिटी कॉलेजातही (म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज). कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) ४६ डॉलर फी आहे, पण हायस्कूलच्या मुलांना ती बहुतेक ठिकाणी माफ असते. पुस्तकं, पार्किंग आणि नेण्या-आणण्याचा वेळ हा घरचा खर्च. एका सत्रात साधारणपणे ११ युनिटपर्यंतच घेता येतात, आणि शाळेत जाणाऱ्या मुलासाठी तेवढे खरं तर जास्तच झाले.

दुसरा रस्ता एपीचा, म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचा. विषय शाळेतच, शाळेच्याच शिक्षकांकडून शिकायचा आणि मे महिन्यात कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा द्यायची. गुण १ ते ५. तीन, चार की पाच, कितीला क्रेडिट द्यायचं ते ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. काही शाळांत आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) असतं, तिथे गुण ७ पैकी. नातवाला एकदा विचारा, हा विषय तुला पुढे कुठे धरला जाणार आहे? त्याला सांगता आलं तर पोरगा शहाणा आहे. कॅलिफोर्नियात हे आधी बघायची सोय आहे: असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेजचा कोणता विषय कोणत्या सरकारी युनिव्हर्सिटीत कशाच्या बदल्यात धरतात, ते विषयवार दिलेलं असतं.

ताई, आमच्या सबडिव्हिजनमधल्या एका मुलीनं हायस्कूल डिप्लोमा आणि असोसिएट डिग्री (कम्युनिटी कॉलेजची साठ क्रेडिटची, दोन वर्षांची पदवी) एकाच महिन्यात घेतली. मंडळाच्या गणपतीत तिचा सत्कार झाला. माझा मुलगा नववीत आहे, त्याला मेकॅनिकल इंजिनिअर व्हायचंय. आम्ही अजून काहीच सुरू केलेलं नाही. उशीर झाला का? त्यानंही साठ क्रेडिट करावेत का? दोन वर्षांची फी वाचेल ना? (एक आई, डॅलसजवळून)

उशीर अजिबात झालेला नाही. नववीतल्या मुलाबद्दल "उशीर" हा शब्द ऐकला की मी समोरच्याला आधी पाणी देते.

आता फीचं. क्रेडिट ही हुंडी आहे. लिहून देणारा एक, वटवणारा दुसरा. कम्युनिटी कॉलेजनं साठ क्रेडिटची हुंडी लिहून दिली म्हणजे दोन वर्षांची फी खिशात आली असं होत नाही. ज्या युनिव्हर्सिटीत मुलगा जाईल ती काय वटवते, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोणत्या खात्यात जमा करते, यावर सगळं ठरतं.

टेक्सासमध्ये तुमची बाजू इतर अनेक राज्यांपेक्षा भक्कम आहे. सगळ्या सरकारी कॉलेजांना मिळून ४२ तासांचा (तिथे क्रेडिटला तास म्हणतात) एक कोअर, म्हणजे सामाईक अभ्यासक्रम आहे, आणि एका सरकारी कॉलेजात केलेला कोअर दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीला मानावाच लागतो. मग अडचण कुठे? इंजिनिअरिंगच्या डिग्री प्लॅनमध्ये, म्हणजे पदवीला कोणते विषय लागतात त्या यादीत. शेजारी बसून हिशेब करू. कोअरमध्ये कम्युनिकेशनचे ६ तास, अमेरिकन इतिहासाचे ६, गव्हर्नमेंटचे ६, आणि भाषा-संस्कृती, कला, समाजशास्त्रं यांचे तीन-तीन. झाले २७. एवढे इंजिनिअरलाही लागतात, तेव्हा ते उपयोगी. पण कोअरचं गणित म्हणून मुलानं कॉलेज अल्जेब्रा केलं, तर इंजिनिअरिंगला ते चालत नाही, तिथे सुरुवातच कॅल्क्युलसपासून होते. विज्ञानासाठी भूगर्भशास्त्राचा सोपा पेपर घेतला, तर तोही बाजूला पडतो, कारण त्यांना कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स हवं असतं. असोसिएट डिग्रीचे साठ भरून काढायला घेतलेले बाकीचे विषय ट्रान्सस्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) "इलेक्टिव्ह", म्हणजे ऐच्छिक, म्हणून शोभेला राहतात.

शिवाय साखळी असते. कॅल्क्युलसशिवाय डिफरन्शियल इक्वेशन्स नाही, स्टॅटिक्सशिवाय डायनॅमिक्स नाही, आणि असं करत करत शेवटच्या वर्षाच्या डिझाईन प्रोजेक्टपर्यंत. ही साखळी एकामागून एक सेमिस्टरनं पुढे सरकते, इतिहासाचे पेपर आधी झाले म्हणून ती आखडत नाही. त्यामुळे साठ क्रेडिट घेऊन आलेला मुलगाही मेकॅनिकलला साडेतीन-चार वर्षं बसलेला मी पाहिला आहे. पालक रागावतात, युनिव्हर्सिटीनं फसवलं म्हणतात. फसवलेलं नसतं, डिग्री प्लॅन कुणी उघडून पाहिलेला नसतो.

मग फायदा काहीच नाही का? आहे, आणि चांगला आहे. इंग्लिश, इतिहास, गव्हर्नमेंट आधी आटोपले असतील तर पहिल्या वर्षी पाच विषयांऐवजी चार घेऊन फिजिक्सला नीट वेळ देता येतो. पुष्कळ युनिव्हर्सिट्यांत विषयनोंदणीचा क्रम जमलेल्या क्रेडिटवर ठरतो, तेव्हा हवा तो वर्ग आणि हवी ती वेळ आधी मिळते. मायनर (दुय्यम विषय) घ्यायला जागा होते. आणि साखळीच पुढे सरकवायची असेल तर एपी कॅल्क्युलस बीसी आणि एपी फिजिक्स सी ही दोन नावं लक्षात ठेवा, मात्र अकरावी-बारावीसाठी. गणितात त्याची चाल बरी असेल तर आत्ता नववीत त्याला दुसरं काही करायची गरज नाही.

शेजारच्या मुलीचं कौतुक करायलाच हवं. तिला सायकॉलॉजी किंवा बिझनेस करायचं असेल तर तिची वर्षं खरोखर वाचतील, कारण तिथे साखळ्या आखूड असतात. सत्कारात हे कुणी विचारलं नसणार.

माझी मुलगी वॉशिंग्टन राज्यात रनिंग स्टार्टमध्ये (इथलं ड्युअल एनरोलमेंट) आहे, अकरावी. पहिल्या क्वार्टरला केमिस्ट्रीत सी आला. तिनं आम्हाला सांगितलंच नाही. मी कॉलेजला फोन केला तर "आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही" म्हणाले! मुलगी सोळा वर्षांची आहे, फोनचं बिल मी भरतो. तिला डॉक्टर व्हायचं आहे. हा सी पुढे नडेल का? पुन्हा तोच विषय घेऊन पुसता येईल का? (एक बाबा, सिअॅटलच्या पूर्वेकडून)

फोनचं आधी सांगते, कारण बरेच बाबा तिथेच पेटतात. फर्पा नावाचा केंद्रीय कायदा आहे. विद्यार्थी कॉलेजात दाखल झाला की त्या कॉलेजातल्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो, मग वय सोळा का असेना. फोनवरच्या बाई उद्धट नव्हत्या, नोकरी सांभाळत होत्या. मुलीनं संमतीचा फॉर्म भरून दिला तर कॉलेज तुमच्याशी बोलेल. शाळेकडच्या नोंदी तुम्हाला अजूनही पाहता येतात, आणि हा गुण तिथेही पोचलेला असणार. पण मुलीनं आपणहून दाखवावं अशी वाट मोकळी ठेवणं, हा त्याहून जवळचा मार्ग.

सी कसा आला असेल, हे मला तिला न भेटताही थोडंफार दिसतं. कॉलेजच्या पहिल्या तासाला प्राध्यापक सिलॅबस नावाची चार-पाच पानं देतात. त्यात कुठेतरी लिहिलेलं असतं: दोन मिडटर्म, एक फायनल, लॅब, आणि या सगळ्याला किती टक्के. खाली एक ओळ असते, उशिरा आलेलं काम घेतलं जाणार नाही. शाळेत मुलांना पेपर बिघडला तर पुन्हा द्यायची, गृहपाठ राहिला तर शुक्रवारपर्यंत आणून द्यायची सवय असते. इथे ती ओळ खरी असते. आणि क्वार्टर म्हणजे जेमतेम अकरा आठवडे. पहिली मिडटर्म हातात पडेपर्यंत चौथा-पाचवा आठवडा उजाडतो, मूल सावरेपर्यंत फायनल समोर. माझ्या खोलीत अशी मुलं येतात ती हुशारच असतात. त्यांनी सिलॅबस वाचलेला नसतो, इतकंच.

आता वजन. वॉशिंग्टनमध्ये कॉलेजचे पाच क्वार्टर क्रेडिट म्हणजे हायस्कूलचं अख्ख्या वर्षाचं एक क्रेडिट. म्हणजे त्या अकरा आठवड्यांचा सी शाळेच्या ट्रान्सस्क्रिप्टवर वर्षभराचा गुण म्हणून बसतो. कॉलेजच्या ट्रान्सस्क्रिप्टवर तर तो कायमचा आहे. मेडिकलचे बहुतेक अर्ज एएमकास या सामाईक अर्जव्यवस्थेतून जातात, आणि तिथे हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या कॉलेजच्या विषयांसकट सगळ्या कॉलेजांची ट्रान्सस्क्रिप्ट द्यावी लागतात. केमिस्ट्री त्यांच्या सायन्स जीपीएमध्ये (विज्ञानाच्या गुणांच्या सरासरीत) मोजली जाते. कॉलेजनं पुन्हा बसून गुण बदलू दिला तरी एएमकास दोन्ही खेपांचे गुण धरतं. तेव्हा पुसला जाणार नाही.

नडेल का? एकटा सी नाही नडणार. पुढे चार वर्षांचे शंभराहून जास्त क्रेडिट त्यात पडतील, त्या ढिगात सोळाव्या वर्षीचा एक सी दिसेनासा होतो. नडतं ते पुढच्या क्वार्टरला फिजिक्स, त्यानंतर बायॉलॉजी असा हट्ट चालू ठेवणं. डॉक्टर व्हायचं असेल तर रनिंग स्टार्टमध्ये इंग्लिश, इतिहास, सायकॉलॉजी, भाषणकला असे विषय घ्यावेत आणि मेडिकलसाठी अट असलेलं विज्ञान युनिव्हर्सिटीत करावं, असं माझं मत आहे. तिला शाळेत केमिस्ट्री सोडायची नसेल तर एपी घ्यावं. एपीच्या परीक्षेत २ आला तर तो कॉलेजला कळवायची सहसा सक्ती नसते. ड्युअल एनरोलमेंटचा गुण मात्र लपवता येत नाही. या दोन वाटांमधला मला वाटणारा सगळ्यात मोठा फरक हाच, आणि माहितीपत्रकात तो कधी ठळक छापलेला नसतो.

आणखी एक. क्वार्टर हाताबाहेर जातंय असं दिसलं तर विषय सोडायची शेवटची तारीख असते. तोपर्यंत सोडला की गुणाच्या जागी डब्ल्यू येतो आणि जीपीएला धक्का लागत नाही. पण डब्ल्यूंची रांग लागू देऊ नका. पुढे केंद्रीय आर्थिक मदतीसाठी "घेतलेले किती, पुरे केलेले किती" हे पाहतात, आणि डब्ल्यू घेतलेल्यांत मोजला जातो.

रनिंग स्टार्ट वाईट नाही, बाबा. ट्यूशन माफ असते, आणि शाळेत कंटाळलेल्या मुलांना मी स्वतः तिकडे पाठवते. पण रसायनापासून सुरुवात नको होती.

मावशी, मी ज्युनिअर (अकरावीत) आहे. आई-बाबा म्हणतात एपी जास्तीत जास्त घे, कॉलेजचे पैसे वाचतील. पण मला ब्राऊन किंवा डार्टमथला जायचंय आणि मी वाचलं की ते एपीचं क्रेडिट देत नाहीत. मग मी कशाला मरू? (एक मुलगी, मॅसॅच्युसेट्स)

बरोबर वाचलंस. डार्टमथनं २०१८ साली पदवी घेणाऱ्या वर्गापासून एपीचं क्रेडिट बंद केलं. ब्राऊन पदवीच्या विषयांत ते मोजत नाही. कॅलटेकही देत नाही. काही ठिकाणी वरच्या वर्गात थेट बसायला एपीचे गुण कामी येतात, फीमध्ये फरक पडत नाही.

पण प्रवेश देताना हीच कॉलेजं बघतात की तुझ्या शाळेत जे अवघड विषय होते, त्यातले तू घेतलेस का. तेव्हा पैसे वाचतील म्हणून नको घेऊस, आणि पैसे वाचत नाहीत म्हणून सोडूही नकोस. ज्या विषयाचं पुस्तक परीक्षा संपल्यावरही तू उघडशील तो आधी घे. आई-बाबांना सांग, परीक्षेची फी विषयाला शंभर डॉलरच्या घरात आहे, नोंदणी शरद ऋतूतच करावी लागते आणि नंतर विचार बदलला तर ४० डॉलर जातात. पैशांचा मुद्दा त्यांना त्याच भाषेत लवकर पटेल. आणि सरकारी युनिव्हर्सिटी तुझ्या यादीत असेल तर तिचा तक्ता वेगळा बघ, तिथे ३ किंवा ४ गुणांनाही क्रेडिट मिळू शकतं.

आम्ही दोन वर्षांपूर्वी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) आलो. मुलगा एच-४ वर (आमच्यावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे, दहावीत. त्याला हे सगळं करता येतं का? ग्रीन कार्डाची रांग तर आपल्याला माहीतच आहे. (एक आई, मिडवेस्ट)

सरकारी शाळेत शिकायला व्हिसा विचारत नाहीत, आणि एच-४ वर शिकायला वेगळी परवानगीही लागत नाही. एपी तो निःशंक देऊ शकतो. ड्युअल एनरोलमेंटच्या अर्जात कॉलेज मात्र व्हिसा आणि रहिवास विचारतं, आणि फीमाफीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. शाळेच्या काऊन्सेलरला ई-मेल करून लेखी उत्तर घ्या, कॉरिडॉरमधल्या "हो, हो" वर जाऊ नका.

तुमच्या घरी या क्रेडिटची किंमत इतरांपेक्षा जास्त आहे. एच-४ वरच्या मुलांना केंद्रीय आर्थिक मदत मिळत नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, मग सहसा एफ-वन (विद्यार्थ्याचा व्हिसा) घ्यावा लागतो आणि काही युनिव्हर्सिट्यांत त्याबरोबर फीचा दरही बदलतो. अठराव्या वर्षी कॉलेजात गेलेला मुलगा तिसऱ्या वर्षाच्या आसपास एकवीसचा होतो. म्हणजे तीन वर्षांत पदवी, हे इतरांसाठी हौसेचं गणित असलं तरी तुमच्यासाठी खऱ्या पैशांचं आहे. विषय त्याच हिशेबानं निवडा: तो जाण्याची शक्यता आहे अशा दोन-तीन सरकारी युनिव्हर्सिट्यांचे डिग्री प्लॅन आत्ताच उतरवून घ्या. व्हिसाच्या तारखांसाठी मात्र वकील गाठा, मी नव्हे.

आम्ही मुलाला घरीच शिकवतो. क्लेप घ्यावं का? (एक पालक, व्हर्जिनिया)

घ्यावं, पण कॉलेज ठरल्यावर. क्लेप हीसुद्धा कॉलेज बोर्डाचीच परीक्षा, वर्ग न करता थेट देता येते आणि वर्षभर देता येते. गुण २० ते ८०, साधारणपणे ५० ला क्रेडिट देण्याची शिफारस असते. मॉडर्न स्टेट्स नावाच्या ना-नफा संस्थेचे अभ्यासक्रम फुकट आहेत आणि ते पुरे केले की परीक्षेच्या फीचं व्हाउचरही मिळतं. नामवंत खासगी कॉलेजं क्लेपला सहसा दारात उभं करत नाहीत. सरकारी कॉलेजांत चलती बरी आहे.

मुलीनं हायस्कूलमध्ये तीन ड्युअल एनरोलमेंटचे विषय केले आणि चार एपी दिले. आता ती आमच्याच राज्याच्या युनिव्हर्सिटीत दाखल झाली, तर तिच्या खात्यावर शून्य क्रेडिट दिसतात! शाळेच्या ट्रान्सस्क्रिप्टवर सगळं छापलेलं आहे. आम्ही फसलो का? (एक आई, न्यू जर्सी)

नाही फसलात, कागद पोचलेले नाहीत. शाळेच्या ट्रान्सस्क्रिप्टवर छापलेलं असलं तरी क्रेडिट देण्यासाठी युनिव्हर्सिटी तो कागद धरत नाही. ज्या कॉलेजनं ते तीन विषय दिले, त्याच कॉलेजकडून अधिकृत ट्रान्सस्क्रिप्ट थेट युनिव्हर्सिटीला जायला हवं. शाळा ते पाठवत नाही. मुलीला त्या कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक शोधावा लागेल. तो बहुधा दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या ई-मेलमध्ये असतो, जो मुलांनी कधी उघडलेला नसतो. पुस्तकाचा किंवा लायब्ररीचा दंड थकला असेल तर काही कॉलेजं ट्रान्सस्क्रिप्ट अडवून धरतात, तेही बघा. एपीचे गुण कॉलेज बोर्डाच्या खात्यातून तिनं स्वतः पाठवायचे. दरवर्षी एका कॉलेजला फुकट पाठवता येतात, पण त्यासाठी जूनच्या विसाव्या तारखेपर्यंत कॉलेजचं नाव द्यावं लागतं. ती तारीख गेली असेल तर फी भरून पाठवा.

कागद पोचले की दोन-तीन आठवड्यांनी खातं पुन्हा बघा. एखादा विषय "जनरल इलेक्टिव्ह" म्हणून आला आणि तो तिच्या मेजरमधल्या (मुख्य शाखेतल्या) विषयासारखाच असेल, तर गप्प बसू नका. त्या विभागाला सिलॅबस पाठवून फेरविचार मागता येतो. त्यासाठी आठवड्यांची आखणी, पुस्तकाचं नाव आणि परीक्षांचं वजन असलेला पूर्ण सिलॅबस लागतो, कॅटलॉगमधली दोन ओळींची माहिती पुरत नाही. तिच्याकडे तो नसेल तर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना किंवा त्या कॉलेजच्या विभागाला ई-मेल करा, जुने सिलॅबस सहसा ठेवलेले असतात.

आणि हे सगळं ओरिएंटेशनच्या, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या ओळख-दिवसाच्या, आधी. त्या दिवशी अॅडव्हायझर संगणकावर जे दिसतं त्यावरूनच विषय नोंदवतात. इंग्लिशचं क्रेडिट दिसलं नाही, तर तिला पुन्हा त्याच इंग्लिशच्या वर्गात बसवतील आणि फीचं बिल तुमच्याकडे येईल. दिवस थोडे असतील तर तिनं कॉलेजच्या खात्यातून अनधिकृत प्रत छापून सोबत न्यावी आणि अॅडव्हायझरपुढे ठेवावी. बरेच जण तेवढ्यावर पुढच्या विषयात बसवतात.